गोष्टींची भिशी

२०२५ चा उन्हाळा आठवतोय ना? एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी. रान पेटलं. जूनमध्ये निर्णयाचे शब्द बदलले, तरी वाद काही थांबेना. शेवटी जून संपता संपता सरकारने तो मागे घेतला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दोन-अडीच महिने टीव्हीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत एकच विषय होता: कोणती भाषा आणि कितवीपासून?

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच राहिला. जी इंग्रजी आपण पहिलीपासून शिकवतोच आहोत, तिचं काय झालं?

मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालच्या जूनमध्ये. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी आपल्यापैकी बहुतेकींनी पाचवीत गेल्यावर ए-बी-सी-डी गिरवली. आधीच्या पिढीत तर काहींच्या वाट्याला इंग्रजी आलं ते थेट आठवीत. शहरातली मुलं केजीपासून इंग्रजी शिकणार आणि खेड्यातल्यांनी पाचवीपर्यंत थांबायचं, हे का, हा त्या निर्णयामागचा सवाल रास्तच होता. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुलगी आज तिशी ओलांडून गेली आहे. कदाचित ती स्वतःच आता आई असेल, ही पुरवणी तिच्या हातात असेल, आणि लेकाच्या शाळेतून इंग्रजीत आलेली सूचना ती शेजारच्या ताईंकडून समजून घेत असेल.

हे मी उगाच म्हणत नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने होणारं 'असर' हे सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावतं. चार-पाच शब्दांची अगदी सोपी इंग्रजी वाक्यं. २०१६ साली देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी ती वाचता आली २४.७ टक्क्यांना. सहा वर्षांनी, २०२२ साली, २४.५ टक्क्यांना. आठवीच्या मुलांचा आकडा ४५.३ वरून ४६.७ वर सरकला. हे आकडे एकट्या महाराष्ट्राचे नाहीत, साऱ्या देशाचे आहेत. पण आपल्या गल्लीत डोकावलं तर फार वेगळं चित्र दिसेल असं मला तरी वाटत नाही. मधल्या सहा वर्षांत खासगी क्लास वाढले, मोबाइल घरोघरी पोचला, इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बस वाडीवस्तीपर्यंत धावू लागल्या. आणि पाचवीतल्या चार मुलांपैकी तिघं जिथे होती तिथेच.

मग आपण आया काय करतो? पहिला मार्ग, माध्यम बदलायचं. पोटाला चिमटा काढून फी भरायची. दुसरा, मराठी शाळेतच ठेवायचं पण सेमी-इंग्रजी घ्यायचं, म्हणजे गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून. तिसरा, संध्याकाळची शिकवणी. या तिन्ही मार्गांवर पैसा जातो, आणि तो देताना आपण एक गृहीत धरलेलं असतं: इंग्रजी हा 'शिकवण्याचा' विषय आहे, चांगला शिकवणारा मिळाला की झालं.

जरा आपल्याच हिंदीकडे बघा. तुम्ही हिंदी कुठे शिकलात? शाळेत शिकलात हे खरंच. परीक्षाही दिल्या असतील. पण जी हिंदी आज तुम्ही बोलता, बाजारात भाव करता, बँकेतल्या परप्रांतीय साहेबाशी वाद घालता, ती कुठून आली? विविध भारतीवरून, चित्रहारवरून, रविवारच्या 'रामायणा'वरून, अमिताभच्या सिनेमावरून. कुणी व्याकरण शिकवलं नाही, कुणी छडी मारली नाही. गोष्टीत पुढे काय होतंय या ओढीने ऐकत गेलो, आणि भाषा मागच्या दाराने घरात आली. लिंगाच्या चुका आपण आजही करतो. पण कुणाचं काही अडत नाही.

इंग्रजीला हे मागचं दार आपल्या गावांत नाही. औशाच्या नाहीतर चिखलीच्या मुलाच्या कानावर दिवसभरात इंग्रजी पडतं किती? शाळेतला एक तास, त्यातही अर्धा वेळ फळ्यावरून उतरवून घेण्यात. वर्षभरात एक पाठ्यपुस्तक, तेही प्रश्नोत्तरांसाठी वाचलेलं. एवढ्याशा पाण्यावर कुठलं पीक येणार? भाषा यायला त्या भाषेतली हजारो वाक्यं, समजतील अशी आणि ऐकावीशी वाटतील अशी, कानावरून आणि डोळ्यांखालून जावी लागतात. आपल्याकडे ती मिळण्याची एकच स्वस्त जागा आहे. गोष्टीचं पुस्तक.

आता तुम्ही म्हणाल, हे बोलायला ठीक आहे, कुणी करून पाहिलंय का? पाहिलंय. आणि आपल्यासारख्याच ठिकाणी. फिजी बेटांवर. आपल्याकडच्या गिरमिटियांची नातवंडं-पतवंडं जिथे आहेत, तेच फिजी. तिथल्या खेड्यातल्या मुलांच्या घरात फिजियन नाहीतर हिंदी, आणि शाळेत मात्र इंग्रजी. शाळांत पुस्तकं जेमतेम. १९८० साली वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या दोन अभ्यासकांनी तिथल्या खेड्यांतल्या शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली. चित्रांची, सोपी, मजेदार. काही वर्गांत मुलं रोज वीस-तीस मिनिटं आपापली गुपचूप वाचायची. काही वर्गांत बाई एकच गोष्ट सगळ्यांना मिळून वाचून दाखवायच्या, चित्रांवर बोलायच्या, मुलं सोबत म्हणायची, नाटक करायची. आणि तुलनेसाठी काही वर्गांत नेहमीचंच चालू ठेवलं, म्हणजे ठरावीक वाक्यांची घोकंपट्टी.

आठ महिन्यांनी चाचणी घेतली, तर पुस्तकवाल्या दोन्ही प्रकारच्या वर्गांतली मुलं वाचून समजण्यात आणि ऐकून समजण्यात जवळजवळ दुपटीने पुढे गेली होती. दुसऱ्या वर्षी तर फरक आणखी रुंदावला, आणि लिहिणं, व्याकरण यांतही दिसू लागला. ज्यांना व्याकरण वेगळं बसवून शिकवलं नव्हतं, त्यांचंच व्याकरण सुधारलं! १९८३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि भाषाशिक्षणाच्या जगात 'पुस्तकांचा पूर' या नावाने तो ओळखला जातो. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की शिक्षक तेच होते. परदेशातून कुणी तरबेज इंग्रजी बोलणारे आणले नव्हते.

पूर आणणं आपल्या हातात नाही, पण पाट काढणं नक्की आहे. याला मोठ्या शहरांत आणि परदेशात 'बुक क्लब' म्हणतात. नाव ऐकून बिचकू नका. आपल्याला हा प्रकार नवा नाही. चातुर्मासात दुपारी पोथी लागते तेव्हा काय होतं? एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात, मध्येच कुणीतरी अर्थ विचारते, कुणी स्वतःच्या घरातलं उदाहरण देते, शेवटी प्रसाद. वाचता न येणाऱ्या कितीतरी आज्यांना अशीच पोथी तोंडपाठ झाली. फिजीतल्या बाईंनी वर्गात जे केलं, ते याहून फार वेगळं नव्हतं. आणि पैशाची व्यवस्था? तीही आपल्याकडे आहेच. भिशी.

आठ-दहा घरं मिळून महिन्याला पन्नास-पन्नास रुपये काढा. चार-पाचशे रुपये होतात. मुलांची बरीचशी चित्रपुस्तकं अजूनही शंभर रुपयांच्या आत मिळतात. म्हणजे महिन्याला चार-पाच पुस्तकं आली. वर्षाअखेर पन्नासच्या आसपास. एका घरात पन्नास पुस्तकं घेणं झेपायचं नाही, पण दहा घरांत ती फिरली तर प्रत्येक मुलाच्या हातून पन्नास जातात. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या किती गोळा करायच्या आता? एका वर्षी वाण म्हणून मुलांचं एकेक पुस्तक लुटून बघा.

पुस्तकं कोणती हा मात्र कळीचा मुद्दा आहे, इथे घाई नको. आपण दुकानात जातो आणि मूल चौथीत आहे म्हणून चौथीच्या वयाचं, तेही शहरी इंग्रजी शाळेतल्या मुलाचं पुस्तक उचलतो. घरी आल्यावर पहिल्याच पानावर पंधरा शब्द अडतात. पुस्तक कपाटावर जातं आणि 'आमच्या पोराला वाचनाची आवडच नाही' असा शिक्का बसतो. पानावरच्या शंभर शब्दांपैकी पंच्याण्णव तरी ओळखीचे असतील तरच गोष्ट चालू राहते, असं या विषयातले अभ्यासक सांगतात. त्याचा घरगुती हिशेब सोपा आहे. मुलाला एखादं पान उघडून वाचायला द्यायचं आणि अडलेल्या शब्दाला एकेक बोट मिटायला सांगायचं. पान संपायच्या आत मूठ मिटली की ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी. सहावीतलं मूल पहिलीच्या पातळीचं चित्रपुस्तक वाचतंय यात लाज कसली? त्याचं इंग्रजीचं वय तेवढंच आहे.

पातळी लिहिलेली पुस्तकं मिळाली तर काम हलकं होतं. २००४ साली सुरू झालेल्या 'प्रथम बुक्स'च्या पुस्तकांवर पातळीचा आकडा असतो. त्यांचंच 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावरच्या हजारो चित्रगोष्टी फुकट वाचता येतात आणि त्यातल्या बऱ्याच मराठीतही आहेत, इंग्रजीतही. चेन्नईच्या 'तूलिका'ची काही पुस्तकं द्विभाषिक आहेत, एकाच पानावर दोन्ही भाषा. नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिका स्वस्त आणि अनेक भाषांत. थोडी मोठी मुलं असतील तर १९८० पासून निघणारं 'टिंकल' आहे, चित्रं पाहत पाहत संवाद वाचायचे.

या 'एकच गोष्ट, दोन भाषा' प्रकाराचं महत्त्व मी मुद्दाम सांगते. आपल्या मनात एक भीती घट्ट बसली आहे की मराठी मध्ये आली की इंग्रजी बिघडतं. खरं तर गोष्ट आधी मराठीत माहीत असेल तर इंग्रजी वाचताना मुलाच्या मनात चित्र तयार असतं, शब्दांचा अर्थ ते अंदाजाने पकडतं. 'तोत्तोचान' आपल्यापैकी कित्येकींनी मराठीत वाचलंय. नॅशनल बुक ट्रस्टनेच ते इंग्रजीतही काढलंय. सातवी-आठवीतल्या मुलीला आधी मराठी द्या, मग इंग्रजी. दोन्हीही अनुवादच आहेत, मूळ पुस्तक जपानी! सुधा मूर्तींची पुस्तकं तर मराठीत घरोघरी आहेत. त्यांचं इंग्रजी सरळ आणि छोट्या वाक्यांचं आहे. त्यांची, आजीला वाचायला शिकवलं ती गोष्ट आठवतेय? कन्नड साप्ताहिकातली कादंबरी पुढे वाचून दाखवायला नात घरी नव्हती, म्हणून आजी साठीनंतर अक्षरं शिकली. तिला शिकायला लावलं ते पुढे काय झालं या हुरहुरीने. शिकवणीवाल्यांना जे जमत नाही ते हेच.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. आठवड्यातून एक दिवस, एक तास. शनिवारी दुपारची शाळा सुटली की बरं पडतं. आठ-दहा मुलं, वयाची सरमिसळ चालेल. किंबहुना असावीच, धाकट्याला वाचून दाखवताना थोरल्याचं वाचन आपोआप सुधारतं. पुस्तक एकच असेल तर सगळ्यांना दिसत नाही. तेव्हा वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या आणि गोष्ट मोठ्या अक्षरांत त्यावर उतरवून भिंतीवर लावा. चित्रं मुलंच काढतील.

आधी फक्त चित्रं दाखवा आणि विचारा, काय चाललंय? उत्तरं मराठीत येऊ द्या. मग अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचा. दुसऱ्यांदा वाचताना जे वाक्य गोष्टीत पुन्हा पुन्हा येतं ते मुलं तुमच्यासोबत म्हणायला लागतील. तिसऱ्यांदा एक कोल्हा होईल, एक कोंबडी होईल. मग गप्पा. ही कोंबडी तुमच्या आत्यासारखी वाटते का? कोल्ह्याचं चुकलं का? पुन्हा मराठीतच, मधूनमधून इंग्रजी शब्द येतील तेवढे येतील. शेवटी प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यायचं आणि वहीत नाव लिहायचं. बस्स.

आणि काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. स्पेलिंग विचारायचं नाही. प्रत्येक शब्दाला टोकायचं नाही. 'सांग याचा अर्थ' म्हणून उभं करायचं नाही. तास संपल्यावर पाच प्रश्न लिहून आणायला सांगायचं नाही. आपला हात शिवशिवतो, मला माहीत आहे. आपल्याला मुलाने वाचलं याचा पुरावा हवा असतो, वहीवर लाल शाई हवी असते. पण ज्या दिवशी शनिवारच्या या तासात परीक्षा शिरली, त्या दिवशी तो शिकवणीचा आणखी एक तास झाला आणि मुलं पोटात दुखतंय म्हणायला लागली.

'पण माझंच इंग्रजी कच्चं आहे हो!' हे वाक्य मला पाठ झालंय. बोलणारी बाई बहुधा पदवीधर असते आणि बोलताना तिचा आवाज एकदम खाली आलेला असतो. या लाजेवरच कितीतरी क्लासवाल्यांची घरं चालतात. तर, पहिलं म्हणजे चित्रपुस्तक वाचण्याइतकं इंग्रजी तुम्हाला येतं. रात्री भाकऱ्या झाल्यावर गोष्ट एकदा स्वतःशी वाचून ठेवा, अडलेले दोन शब्द शब्दकोशात नाहीतर मोबाइलवर बघा. दुसरं, उच्चार. इंग्रजीत लिहिणं एक आणि म्हणणं एक, आपल्या देवनागरीसारखं सरळ काम नाही, त्यामुळे 'के' असूनही नाइफ म्हणताना तो गिळायचा, हे कुणालाही आधी ऐकावंच लागतं. शब्दकोशाची ॲप उच्चार ऐकवतात. मुलांसमोरच ऐका. आई शब्द शोधतेय, चुकतेय, पुन्हा म्हणतेय, हे मुलाने बघण्यासारखं काही आहे. आणि तुमचा उच्चार थोडा लातुरी, थोडा खानदेशी राहिला तर राहू दे. इंग्रजी बोलणाऱ्या साऱ्या जगात प्रत्येकाचा हेल वेगळाच आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगायला हवी. ज्या मुलाला मराठीच धड वाचता येत नाही, त्याला इंग्रजी गोष्टींच्या तासाला बसवून चमत्कार होणार नाही. ऐकण्याचा फायदा होईल, चित्रांचा होईल. पण वाचन म्हणजे काय, अक्षरांतून अर्थ कसा निघतो, हे मूल एकदाच शिकतं आणि ते आपल्या भाषेत सगळ्यात लवकर शिकतं. 'असर'ने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुला-मुलींची पाहणी केली, तेव्हा सुमारे पाव मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता. इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी ५७.३ टक्के, आणि त्या वाचणाऱ्यांतही साधारण पाव मुलांना अर्थ सांगता आला नाही. म्हणजे नुसता आवाज निघाला. इंग्रजी माध्यमात घातलेल्या कितीतरी मुलांचं हेच होतं. फडाफड वाचतात, विचारलं तर काहीच नाही.

म्हणून मला फलटणच्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांची आठवण होते. मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, इंग्रजी ही त्यांची जन्मभाषा. फलटणला इंग्रजी शाळा काढली असती तर प्रवेशासाठी रांग लागली असती. त्यांनी प्रगत शिक्षण संस्थेची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा काढली ती मराठी माध्यमाची. इंग्रजी चांगलं यावं असं वाटणाऱ्या प्रत्येक आईने यावर क्षणभर थांबून विचार करावा. तेव्हा शनिवारच्या तासाला पुस्तकांच्या ढिगात निम्मी मराठी असू द्या. ज्याला जे न्यायचं ते नेऊ दे.

आता थोडं अवघड बोलते. असा तास सुरू झाला की तो साधारणपणे कुठे सुरू होतो? शिक्षक कॉलनीत, नाहीतर बँकवाल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. ज्यांच्या घरी आधीच वर्तमानपत्र येतं, त्यांचीच मुलं. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींची मुलगी त्याच वेळी आईसोबत आलेली असते, दारातल्या पायरीवर बसलेली असते. तिला आत बोलावतो का आपण? आणि बोलावलं तर सतरंजीवर आपल्या मुलीशेजारी, की कोपऱ्यात? पुस्तक तिच्याकडे घरी न्यायला देतो, की 'हरवेल गं' म्हणून इथेच वाच म्हणतो? हरवेल. फाटेल. आपलीही पोरं फाडतातच की. ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथे गेलेल्या एका पुस्तकाची किंमत आपल्या शेल्फातल्या विसाव्या पुस्तकापेक्षा किती तरी जास्त आहे, आणि फिजीत जी मुलं पुढे गेली ती अशाच घरांतली होती. म्हणून माझा आग्रह आहे, हा तास कुणाच्या दिवाणखान्यात नको. समाजमंदिरात घ्या, देवळाच्या ओवरीत घ्या, नाहीतर गावच्या सार्वजनिक वाचनालयात. राज्यात अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांवर आहेत. दुपारी तिथे कोण असतं? वर्तमानपत्रावर झोपलेले दोन आजोबा. ग्रंथपालांना जाऊन भेटा, एक कोपरा आणि बालविभागाचं कपाट मागा. वर्गणीदार वाढणार म्हटल्यावर बहुधा नाही म्हणणार नाहीत.

एवढं सगळं आपणच करायचं, मग शाळा आणि सरकार कशाला आहे, असं एकीने मला विचारलं. बरोबरच आहे तिचं. २००० साली निर्णय झाला तेव्हा ज्या गुरुजींनी स्वतः पाचवीत इंग्रजी सुरू केलं होतं, त्यांच्याच हातात पहिलीचा वर्ग दिला गेला. त्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या वर्गात पाठ्यपुस्तकाशिवाय इंग्रजीचं दुसरं काही असायचंच नाही. पण आता कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला हवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं असतील, 'गोष्टीच्या पुस्तकांसह'. कायद्यात गोष्टीच्या पुस्तकांचा उल्लेख! २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद आहे. पाच हजारांत गोष्टींची पन्नास-साठ पुस्तकं येतात.

ती आली का? आली तर कुठे आहेत? बहुतेक शाळांत याचं उत्तर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या हिरव्या लोखंडी कपाटात असतं, आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. पुस्तक हरवलं की भरपाई आपल्या पगारातून जाईल ही धास्ती असते, त्यामुळे नवी कोरी पुस्तकं दप्तरी नोंद होऊन कुलपात म्हातारी होतात. इथे शाळा व्यवस्थापन समितीचा उपयोग आहे. कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. कागदावर आपली नावं असतात, सहीला बोलावणं येतं, चहा होतो. पुढच्या बैठकीला सही करण्याआधी दोन ठराव मांडा. जीर्ण झालेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांची जबाबदारी समिती घेईल, बाईंच्या पगाराला हात लागणार नाही, हा पहिला. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास कपाट उघडं राहील, दोन आया तिथे बसतील, हा दुसरा. ठरावाची नक्कल मागून घ्या, तारखेसकट. मग घरी जाऊन खाकी कागद आणा.